गडाचा सबनीस कोण?

भाद्रपद सरत आला होता. पावसाने उघडीप दिली होती आणि गुंजवण्याच्या वाटेवर सोनकीची पिवळी फुले ऐन बहरात होती. पुतण्या आणि त्याचे तीन मित्र राजगडावर निघाले होते. ‘काका, येता का?’ असे त्याने सहज विचारले आणि साठीकडे झुकलेले गुडघे विसरून मी होकार दिला. चोरदरवाजाच्या खालचा कातळटप्पा लोखंडी कठड्याला धरून चढलो, त्या चिंचोळ्या दरवाजातून वाकून आत शिरलो आणि पद्मावती तलाव दिसला तेव्हा सारा शीण निघून गेला. महाविद्यालयात असताना, १९८६ साली, याच वाटेने प्रथम वर आलो होतो. तेव्हाचा तो क्षण पुन्हा अनुभवावा म्हणून डोळे मिटून क्षणभर उभा राहिलो.

डोळे उघडले ते गलक्याने. पद्मावती देवीच्या मंदिराजवळ कातळात खोदलेली पिण्याच्या पाण्याची टाकी आहेत. त्यांतील एका टाक्याच्या काठावर सहा-सात तरुण तेलकट पातेली घासत बसले होते. भांडी घासण्याच्या साबणाचा फेस टाक्यातल्या पाण्यावर तरंगत होता. प्रत्येकाच्या छातीवर शिवछत्रपतींची छबी होती, कपाळावर चंद्रकोर होती. मी जवळ जाऊन म्हटले, ‘अरे बाळांनो, हे पाणी लोक पितात. पाणी बाहेर काढून घ्या आणि भांडी दूर नेऊन घासा.’ त्यांच्यातील एकाने मान वर केली. उद्धटपणा त्याच्या स्वरात नव्हता, होते ते निखळ आश्चर्य. तो म्हणाला, ‘काका, महाराजांच्या गडावर आलोय आम्ही. इथं आम्हांला अडवणारे तुम्ही कोण?’ पाठोपाठ एकाने गर्जना केली, इतरांनी तिला प्रतिसाद दिला. महाराजांच्या जयजयकारात महाराजांच्या टाक्यातला फेस पसरत राहिला.

त्या जयजयकारात मीही सामील झालो असतो, एरवी होतोच. त्या क्षणी मात्र कंठातून शब्द फुटेना. ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न मनात रुतून बसला होता. गड उतरताना आणि घरी परतल्यावरही तो पाठ सोडीना. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

मावळे उदंड, सबनीस एकही नाही

शिवछत्रपतींच्या गडावर ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न विचारण्याची वेळच येत नसे. कारण तिथे कोण कोणत्या कामासाठी उत्तरदायी आहे, हे ठरलेले असे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला बखर लिहिली, तीत ही व्यवस्था नोंदलेली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी. तिघांचा दर्जा समान, तिघांनी मिळून कारभार करायचा. गडाच्या किल्ल्या आणि हुकूम हवालदाराकडे, शिबंदी सरनोबताच्या हाताखाली आणि हजेरी-हिशेब सबनिसाच्या दप्तरात. जोडीला धान्य, दारूगोळा, तेल-तूप यांच्या कोठारांची व्यवस्था पाहणारा कारखानीस. एकाच्या हाती सारा गड राहू नये आणि एकाच्या फितुरीने तो जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी होती.

यांतला सरनोबत आपल्याला माहीत असतो. त्याच्या हातात तलवार असते. सबनिसाच्या हातात लेखणी असते, म्हणून तो चित्रपटात दिसत नाही, पोवाड्यात येत नाही, गाडीच्या काचेवर चिकटत नाही. पण वेढा पडला की गड कशावर तगतो? तटावरच्या तलवारीवर तगतो, तितकाच कोठारातल्या धान्यावर आणि टाक्यातल्या पाण्यावर तगतो. जिंजीचा किल्ला मोगलांच्या सैन्याविरुद्ध १६९० ते १६९८ अशी जवळजवळ आठ वर्षे झुंजला, तो केवळ गर्जनांच्या बळावर नव्हे. किती माणसे आहेत, किती धान्य उरले आहे, कोणते टाके आटले आहे, याची रोज नोंद ठेवणारा कोणीतरी त्या गडावर होता, म्हणून झुंजला.

आज महाराष्ट्रातील गडांवर प्रत्येक रविवारी मावळ्यांची दाटी होते. फेटे आहेत, झेंडे आहेत, ढोल आहेत, घोषणा आहेत. नाही तो एकटा सबनीस. वर किती माणसे गेली, त्यांनी काय नेले, काय परत आणले, कोणत्या टाक्याचे पाणी कशाने नासले, तटाचा कोणता दगड या महिन्यात निखळला, याचा हिशेब कोणाकडेही नाही. ज्या गडावर हिशेब नाही तो गड स्वराज्याचा म्हणावा कसा?

केराचाही कायदा होता

काही जण म्हणतील, कचरा आणि सांडपाणी या क्षुल्लक गोष्टी. त्यांचा महाराजांच्या भक्तीशी काय संबंध? ज्यांना असे वाटते त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र एकदा उघडून पाहावे. शिवछत्रपतींच्या कारकिर्दीत घडलेला, पुढे राजाराम महाराजांच्या काळात स्वराज्य सावरणारा हा कर्ता पुरुष. इ. स. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात, त्यांनी राज्यकारभाराचा हा ग्रंथ सिद्ध केला. दुर्गांना राज्याचे सार मानणाऱ्या या ग्रंथात दुर्गांचे प्रकरण आहे आणि त्यात लढाईइतकीच घरगृहस्थीची शिस्त आहे.

अमात्य सांगतात, गड बांधण्याआधी पाणी पाहावे. पाणी नाही पण जागा मोक्याची आहे, तर आधी खडक फोडून टाकी खोदावीत आणि ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतील इतकी मोठी व मजबूत करावीत. एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, साठ्याची पाण्याची जपणूक करावी. पुढे तर ते आणखी बारकाईत शिरतात. गडाच्या वाटांवर, बाजारात, तटाकडेला केरकचरा पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखालीही ढकलू नये. जागच्या जागी जाळावा, त्याची राख परसात टाकावी आणि तीवर घरोघर भाजीपाला पिकवावा. गडावर झाडे लावावीत, असलेली जतन करावीत, कारण प्रसंगी तीच कामास येतात.

तीनशे वर्षांपूर्वीच्या या सूचना वाचताना आपल्या नगरपालिकांना लाज वाटावी. आणि गडावर जाणाऱ्या आपल्यालाही वाटावी. केर कुठे टाकावा हे ज्या राजनीतीच्या ग्रंथात लिहिले गेले, त्या राजनीतीचे वारस म्हणवून घेत आपण कुरकुऱ्यांची पाकिटे संजीवनी माचीच्या तटावरून खाली सोडतो. अमात्यांनी गडाखाली केर टाकण्यास मनाई केली तेव्हा तो केर कुजणारा होता. आपला केर कुजतही नाही. तो कड्याच्या कपारीत आपल्या नातवंडांच्या भेटीसाठी थांबून राहतो.

आणि गड तरी कोणता? मुरुंबदेवाच्या डोंगराला तटबंदी घालून उभा केलेला हा राजगड सुमारे २५ वर्षे स्वराज्याची राजधानी होता. ५ सप्टेंबर १६५९ रोजी महाराणी सईबाईंनी येथेच देह ठेवला; पद्मावती माचीवर त्यांची समाधी आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले, तेव्हा जे १२ किल्ले महाराजांनी आपल्याकडे राखले त्यांत राजगड होता. आग्र्याहून सुटून १६६६ साली महाराज परतले ते याच गडावर. २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजाराम महाराजांचा जन्म येथेच झाला. औरंगजेबाने १७०४ साली तो घेतला, त्याला ‘नबीशाहगड’ हे नाव दिले आणि पुढे मराठ्यांनी तो परत घेतला. बादशहाला जो गड नीट पचला नाही, तो गड आपण साबणाच्या फेसात आणि प्लॅस्टिकच्या थरात सुखाने बुडवीत आहोत. बादशहाने फक्त नाव बदलले होते. आपण नाव तेच ठेवून गडच बदलत आहोत.

भक्तांचे तीन प्रकार

गडांच्या दुरवस्थेचा विषय निघाला की आपण बोट दाखवायला नेहमी दुसरा शोधतो. १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या, वाडे जळाले, गावोगावच्या गडांच्या वाटा तोडल्या. हे खरे आहे आणि ते विसरू नये. इतिहासाचे नाव निघताच नाक मुरडणारे, गड म्हणजे केवळ दगडधोंडे मानणारे विद्वानही आपल्याकडे कमी झाले नाहीत. गडांवर अतिक्रमणे झाली, ती दशकानुदशके पाहूनही न पाहिल्यासारखी केली गेली. अखेर शासनाने २०२५ साली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमून ती हटविण्याचे काम हाती घेतले, हे योग्यच झाले. अतिक्रमण कोणाचेही असो, कायद्याने ते गेलेच पाहिजे. पण दर रविवारी आपण स्वतः बाटल्यांचे, पत्रावळ्यांचे, चुन्याने लिहिलेल्या नावांचे जे अतिक्रमण करून येतो, ते हटविण्यासाठी कोणती समिती नेमायची? तेथे परका कोणीही नाही. तेथे आपणच आहोत.

या आपल्यांत तीन प्रकार दिसतात.

पहिला सहलखोर. त्याला गड म्हणजे मोकळी हवा, गरम भजी आणि भ्रमणध्वनीवरचे चित्रीकरण. मोठ्या आवाजाचा पेटीवजा कर्णा पाठीवर घेऊन तो गड चढतो. कड्याला लटकलेली आग्या मोहोळे आवाजाने, धुराने, उग्र अत्तराच्या वासाने उठतात, हे त्याच्या गावीही नसते. अलीकडे त्याला घाऊक प्रमाणात गडावर पोहोचविण्याचा व्यवसायच उभा राहिला आहे. एका रात्रीत चार-पाच बसगाड्या भरून माणसे आणायची, पहाटे अंधारात डोंगराला लावायची, दुपारी उतरवायची. त्या शुल्कात नाश्ता असतो, छायाचित्रे असतात, प्रमाणपत्रही असते. गडाचा इतिहास सांगणारा जाणता माणूस मात्र बहुधा नसतो.

दुसरा प्रकार घोषणावीर. याचे प्रेम खोटे नाही. टाक्यावर भेटलेले ते तरुण याच प्रकारातले होते आणि माझा राग त्यांच्यावर टिकला नाही तो यामुळेच. पण आपल्याला प्रेम आहे, म्हणजे आपल्याला नियम लागू नाहीत, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. देवळात शिरताना तो चप्पल बाहेर काढतो, कारण घरी आजीने ते शिकविले. गडावर शिरताना काय बाहेर ठेवायचे, हे त्याला कोणीच शिकविले नाही. हा दोष त्याचा थोडा आणि आपला अधिक. उत्सव, मिरवणुका, शोभायात्रा यांची जितकी तालीम आपण तरुणांकडून करून घेतली, त्याच्या दशांशही गडावर कसे वागावे याची घेतली नाही. त्याला आपण गर्जना दिली. शिस्त द्यायची विसरलो.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड, कारण तो सज्जन आहे. हा श्रमदान करतो, घाम गाळतो, स्वतःचे पैसे घालतो. परंतु गडाचे बांधकाम हे एक शास्त्र आहे, हे त्याला ठाऊक नसते. टाक्यातला गाळ हा कचरा समजून तो उपसून दरीत लोटतो. त्या गाळात खापराचे तुकडे, नाणी, गोळे यांच्या रूपाने गडाचा इतिहास थराथराने साठलेला असतो आणि एकदा थर विस्कटला की तज्ज्ञालाही तो वाचता येत नाही. ढासळलेला तट तो सिमेंटने सांधतो. मूळ बांधकाम चुन्याचे. चुना भिंतीतला ओलावा बाहेर पडू देतो, दगडाबरोबर किंचित हलतो. सिमेंट ओलावा कोंडून ठेवते, त्याच्यातले क्षार दगडात उतरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. तटात रुजलेला पिंपळ तो वरून छाटतो. मुळे आत तशीच जाड होत राहतात आणि पाच-सात वर्षांत बुरूज फोडतात. अनेक दुर्गसंवर्धन संस्था पुरातत्त्व खात्याची अनुमती घेऊन, जाणकारांना बरोबर घेऊन फार मोलाचे काम करीत आहेत. त्यांना वंदनच केले पाहिजे. पण उत्साह म्हणजे ज्ञान नव्हे. हिशेब ठेवल्याशिवाय केलेले श्रमदान हे कधी कधी दानापेक्षा मोडतोडीच्याच जवळ जाते. आणि येथे खासगी उत्साहालाच दोष का द्यावा? सुशोभीकरणाच्या नावाखाली सिमेंटच्या पायऱ्या आणि चकचकीत फरशा बसविण्याचा मोह सरकारी निधीलाही आवरलेला नाही.

पॅरिसचा शिक्का आणि ताकवाली मावशी

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या अधिवेशनात मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी. भारताचे हे ४४ वे जागतिक वारसास्थळ. त्या दिवशी आनंदाने ऊर भरून आला. ज्या दुर्गांच्या आधारावर स्वराज्य उभे राहिले, त्यांचे मोल जगाने मान्य केले.

पण हा दर्जा म्हणजे बक्षीस नव्हे, ते बंधन आहे. आम्ही हा वारसा जतन करू, त्याच्या मूळ रूपाला धक्का लागू देणार नाही, हे वचन आपण जगाला दिले आहे. या १२ पैकी आठ किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. राजगडासह चार राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. कागदावर रखवालदार आहे. आणि दर्जा मिळाल्यावर पहिली वाढ कशाची होते? गर्दीची. फटाके वाजविणे सोपे होते. आता दप्तर उघडण्याची वेळ आली आहे आणि त्या दप्तरावर नाव कोणाचे, हेच ठरलेले नाही.

मात्र त्या दिवशी राजगडावर मला एक सबनीस भेटला. नव्हे, भेटली.

बालेकिल्ल्याच्या वाटेवर एक वृद्धा ताक विकत बसली होती. पायथ्याच्या वाडीतली, साठीच्या पुढची. पहाटे डोक्यावर ताकाची घागर घेऊन गड चढायचा आणि दुपार कलली की उतरायचे, हा तिचा नेम. ताक ती स्टीलच्या पेल्यातून देत होती आणि पेला विसळलेले पाणी कारवीच्या बुंध्याशी ओतत होती. शेजारी एक गोणपाट होते, निम्मेअधिक रिकाम्या बाटल्यांनी भरलेले. मी विचारले, ‘मावशी, या विकायला नेता का?’

‘ह्याला कोन पैकं देतंय, दादा?’ ती हसली. ‘लोकं टाकत्यात, मी उचलती. घागर रिकामी झाली की डोकं बी रिकामंच आसतंय. देवीच्या दारात केर ठिवून घरला कसं जायाचं?’

तिने आज्ञापत्र वाचलेले नाही. युनेस्को हा शब्द तिच्या कानावरून गेला असेल-नसेल. पण अमात्यांनी ग्रंथात जे लिहिले, ते तिच्या अंगवळणी पडलेले आहे. आपण वर जातो ते महाराजांचे दर्शन घ्यायला, ती जाते पोट भरायला. आणि गडाचा केर उतरवते ती, चढवतो आपण. या एका चित्रासमोर आमच्या सर्व गर्जना मला फिक्या वाटल्या.

१९८६ साली आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी गड उतरण्याआधी पाली दरवाजाजवळ आम्हा तीस मुलांना रांगेत उभे केले होते. प्रत्येकाने वर येताना पिशवीत काय होते ते मोठ्याने सांगायचे आणि आता काय आहे ते उघडून दाखवायचे. एकाच्या पिशवीतली रॉकेलची रिकामी बाटली सापडेना, तेव्हा सर स्वतः त्याला घेऊन सदरेपर्यंत परत गेले. पाऊण तास आम्ही चडफडत बसलो. बाटली घेऊन ते आले तेव्हा एवढेच म्हणाले, ‘आता हजेरी पूर्ण झाली.’ त्या वेळी आम्हांला तो हट्ट वाटला होता. सर सबनिसाचे काम करीत होते, हे समजायला मला साठीजवळ यावे लागले.

हे काम कोणाचे?

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप : गड सर्वांचे आहेत, संख्येवर बंधन घालणारे तुम्ही कोण? गड सर्वांचे आहेत म्हणूनच बंधन हवे. जे एकाचे असते ते तो एकटा जपतो. जे सर्वांचे असते ते नियमानेच जपले जाते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या संख्येला मर्यादा आहे, शुल्क आहे आणि आसपासच्या गावांतील लोकांची समिती व्यवस्था पाहते. तेथील फुलांसाठी जे करता आले, ते सईबाईंच्या समाधीसाठी करता येणार नाही काय?

दुसरा आक्षेप : बंधने घातली तर गावकऱ्यांची रोजीरोटी बुडेल. उलट, गावकऱ्यांना गडाच्या राखणीचे मानधन द्या. पायथ्याशी नोंदवही ठेवा. वर जाणाऱ्या प्रत्येक गटाकडील बाटल्या आणि पाकिटे मोजा, अनामत घ्या, खाली आल्यावर मोजून ती परत करा. हे दप्तर गावातल्या शिकलेल्या मुलामुलींच्या हाती द्या. पूर्वी गडाच्या आधारे घेऱ्यातील कितीतरी घरे जगत असत, ती गडाची चाकरी करीत म्हणून. भजी तळण्यापलीकडचा मान त्यांना पुन्हा मिळू द्या. टाक्याकाठी बसणाऱ्या टोळक्याला ‘तुम्ही कोण?’ असे उद्या विचारता आले नाही पाहिजे. कारण समोर उभा असलेला गडाचा नेमलेला राखणदार असेल.

तिसरा आक्षेप आपल्या सर्वांच्या सोयीचा आहे : हे शासनाचे काम आहे. आहेच. त्यासाठी शासनाला धारेवर धरलेच पाहिजे. पुरातत्त्व खात्याला पुरेशी माणसे आणि निधी मिळाला पाहिजे, सिमेंटचा प्रत्येक ठेका तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला पाहिजे. पण शिवछत्रपतींनी शिकविलेले स्वराज्य म्हणजे केवळ आपल्या माणसांचे सरकार नव्हे. ते आपले आपल्यावरचे राज्यही होते. शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही सैनिकाचा हात लागू नये, असा दंडक घालणाऱ्या राजाचे नाव घेणाऱ्यांना स्वतःच्या हातातले पाकीट खिशात ठेवायला शासनाचा शिपाई लागावा?

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण शाळांच्या, मंडळांच्या, कार्यकर्त्यांच्या सहली गडांवर नेतात. दिवाळीत घरोघरची मुले अंगणात मातीचे किल्ले करतात आणि ते किती निगुतीने राखतात हे आपण पाहतो. मांजर तटावर चढले तरी त्यांचा जीव कासावीस होतो. त्या मुलांना खऱ्या किल्ल्यावर नेताना एक नेम करा. फेटा कोणी बांधायचा, झेंडा कोणी धरायचा, हे ठरवाल तेव्हा त्याच्या आधी सबनीस कोण, हे ठरवा. गटातील एका मुलाच्या किंवा मुलीच्या हाती वही द्या. वर नेलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद तिने करावी, उतरताना तिने हजेरी घ्यावी आणि ती पुरी झाल्याशिवाय गटप्रमुखासह कोणीही गड सोडू नये. गर्जना खुशाल करावी, पण ती हजेरी पूर्ण झाल्यावर.

परतीच्या वाटेवर पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. पायथ्याशी आल्यावर त्याने पाठीवरची पिशवी उघडली. तीत आमच्या चार बाटल्यांखेरीज आणखी अकरा होत्या. त्याने त्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाला, ‘काका, पुढच्या वेळी मोठी पिशवी आणू.’